सूर्यावरचा तीळ

सोनियाचं दुसरं लग्न ठरवलं ते तिच्या सासऱ्यानं.

रायपूरला खमतराईकडे रेल्वेतून निवृत्त झालेल्या मराठी बौद्ध कुटुंबांची एक गल्ली आहे. तिथं या गोष्टीची बरेच दिवस चर्चा चालली. तिचे सासरे श्यामराव वासनिक पुढारलेल्या विचारांचे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम रस्त्यावर खुर्ची टाकून चहा पिणारा माणूस. पण भाषण वेगळं आणि घरातली सून वेगळी, असं बायका नळावर बोलत.

श्यामराव मूळचे भंडाऱ्याकडचे. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली. एकुलता एक मुलगा गौतम शहराजवळच्या सिलतऱ्याला लोखंड बनवणाऱ्या एका स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गल्लीत घरोघर कावीळ झाली. बाकीच्यांची उतरली, गौतमची चढत गेली. पहिले काही दिवस तो स्वतःच हसत होता, म्हणत होता की पिवळा रंग मला शोभतो. मग त्याला माणसं ओळखू येईनात. दवाखान्यातून तो परत आला नाही. तेव्हा तो ऐन तिशीत होता आणि त्याची मुलगी पायल तीन वर्षांची.

त्यानंतर वर्षभर श्यामराव कुणाशी धड बोलले नाहीत. आणि बोलले ते एका दुपारी, जेवताना, ताटावरून नजर न उचलता. सोनिया अठ्ठावीसची आहे, म्हणाले. तिनं आपली दोघांची तोंडं पाहत इथं काहून बसावं? तिच्यासाठी मुलगा पाहू.

सोनिया ताटावरून उठून आत गेली. त्यांची बायको इंदू हातातला भाताचा चमचा तसाच धरून बसली. पुढे महिनाभर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. तिला राग आला होता, पण ते चूक बोलले म्हणून नाही. बरोबर बोलले म्हणून. सुनेचं आयुष्य तिला दिसत होतं. पण सून गेली की पायल जाणार, आणि गौतमचं म्हणून या घरात पायलशिवाय काही उरलं नव्हतं.

मुलगा मिळाला तो नागपूरचा. अश्विन खोब्रागडे, विजेच्या ऑफिसात नोकरी, पहिली बायको बाळंतपणात वारलेली. तो पाहायला आला तेव्हा कमी बोलला. पायल त्याच्या चपलांत पाय घालून अंगणभर फटाक फटाक करत फिरली आणि त्यानं फिरू दिलं. निघताना अनवाणीच अर्ध्या गल्लीपर्यंत गेला आणि मग हसत परत येऊन चपला मागून घेतल्या. इंदूला तो आवडला. आवडला, याचाच तिला जास्त त्रास झाला.

लग्न जूनमधल्या दुसऱ्या रविवारी नागपूरच्या एका विहारात साधेपणानं करायचं ठरलं. श्यामरावांनी सांगून टाकलं की सोनियाच्या बाजूनं बापाच्या जागी मी उभा राहीन. तिचे वडील लहानपणीच गेले होते. गोल बाजारात जाऊन त्यांनी स्वतः तिच्यासाठी पांढरी रेशमी साडी आणली. दुकानदारानं विचारलं, बेटी की शादी है क्या, तर हव म्हणाले. स्वतःसाठी कुडत्याचं कापड घेतलं, शिवून घेतलं, आणि घरी आल्यावर घालून आरशासमोर उभे राहिले. गौतम गेल्यापासून त्यांनी आरशात पाहिलेलं इंदूला आठवत नव्हतं.

सोनियाचा भाऊ विशाल गोंदियाहून तिला न्यायला आला. लग्नाच्या आधीचे दिवस तिनं भावाकडे राहायचं, असं ठरलं होतं. जायचा दिवस निघाला सहा जून, बुधवार, दुपारची गाडी. ती तारीख कुणी मुद्दाम निवडली नव्हती.

त्या दिवशी शुक्र सूर्यासमोरून जाणार होता.

याआधी तो गेला होता आठ वर्षांपूर्वी. तेव्हा छत्तीसगड नवं नवं राज्य होतं. रायपूरला राजधानी होऊन तीन-चार वर्षंच झाली होती, रस्ते रुंद होत होते, सिलतऱ्याला एकामागून एक चिमण्या उभ्या राहत होत्या आणि गौतमला नुकतीच तिथं नोकरी लागली होती. बापलेकांनी पंधरा दिवस आधीपासून सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी छतावर जत्रा भरली. दुर्बिणीचं एक भिंग झाकून दुसऱ्यातून सूर्याचं बिंब खोक्यातल्या पांढऱ्या कागदावर पाडलं होतं आणि गौतम येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच नव्यानं सांगत होता. त्याला जेवायला बोलावून इंदू थकली. ती खाली चहा करत होती, पाणी वर पाठवत होती, कुणाची म्हातारी जिन्यावर बसली तिला पंख्याखाली आणत होती. हात रिकामे झाले आणि ती वर गेली तेव्हा पश्चिमेला ढग आले होते. कागद कोरा. गौतमला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. आठ वर्षांनी अजून आहे, म्हणाला, तेव्हा सगळ्यात आधी तू.

इंदूला आकाशाचं काही वेड नव्हतं. ती हसून दोरीवरचे कपडे काढायला लागली होती.

आता सहा जूनच्या सकाळी ती उजाडायच्या आधी उठली. प्रवासासाठी पुऱ्या आणि आलूची भाजी करायची होती. सोनिया आतल्या खोलीत बॅगा भरत होती. विशाल अजून झोपलेला होता. पायल उठून, केस विस्कटलेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पुरी फुगताना पाहत होती. पेपर आला. श्यामरावांनी तो उघडला आणि लगेच पहिलं पान आत दुमडून घेतलं. इंदूनं ते चहा देताना पाहिलं. त्या पानावर सूर्याचं चित्र होतं.

"आज ते शुक्राचं हाय ना?" तिनं विचारलं.

"हाय."

"वर नाही जात?"

श्यामरावांनी कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

"कोणासोबत पाहू?" ते म्हणाले.

 इंदूनं कढई उतरवली, हात पुसले आणि कपाटाच्या वरच्या खणातून वेल्डिंगची काळी काच काढली. गौतमनं ती प्लांटमधून आणली होती, सगळ्यात गडद नंबरची. याच्याहून फिकी काच सूर्याकडे पाहायला कधी घ्यायची नाही, असं तो बजावायचा. तिनं पायलचा हात धरला आणि जिना चढली.

छतावर रोजच्यासारखी काळी धूळ होती. सिलतऱ्याकडून वारा आला की ती रात्रीतून बसते. पायलचे तळवे दोन पावलांत काळे झाले. सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वर आला होता, धुरकट, पण तोंडावर ऊन लागत होतं. इंदूनं पाठ त्याच्याकडे करून आधी काच डोळ्यांसमोर धरली आणि मग वळली. सगळं काळं झालं. छत नाही, टाकी नाही, तारा नाहीत. मग तिला एक हिरवट गोल दिसला, लिंबाएवढा, आणि त्याच्या आत एक काळा ठिपका.

एवढासाच. पेनाचं टोक टेकवलं असावं तेवढा.

यासाठी तो दिवसभर जेवला नव्हता, इंदूच्या मनात आलं. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, आग असेल, सावली असेल. हा तर नुसता ठिपका होता, कुणाला न सांगता चाललेला. ती पाहत राहिली. काचेच्या आड डोळे भरून आले तसा ठिपका विरघळला, तिनं पदरानं डोळे पुसले, परत पाहिलं, तो होता तिथंच होता. आठ वर्षांपूर्वी हेच पाहताना गौतमचा चेहरा कसा होता ते तिनं पाहिलंच नव्हतं. ती तेव्हा खाली चहा गाळत होती.

पायल पदर ओढायला लागली. इंदूनं तिला कडेवर घेतलं, काच तिच्या डोळ्यांवर नीट धरली.

"आजी, सूरज के गाल पे तिल है," पायल म्हणाली.

इंदूला हसू आलं. "तुझ्या पप्पानं सांगितलं होतं," ती म्हणाली, "आज हे दिसन म्हणून."

पायलनं काचेतून डोळे काढून तिच्याकडे पाहिलं. "नागपुरवाले पापा ने?"

इंदूनं तिला खाली ठेवलं. गेले काही आठवडे घरातल्या सगळ्यांनीच, इंदूनंसुद्धा, पायलला शिकवलं होतं की ते पापा आहेत. तिनं नीट शिकून घेतलं होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"जा," इंदू म्हणाली, "मम्मीले बोलाव."

सोनिया आली ती अर्धवट घडी घातलेली चादर हातात घेऊनच. चादर तिनं कठड्यावर ठेवली, काच घेतली आणि फार वेळ पाहत राहिली. पायल तोवर आबांना बोलवायला खाली पळाली होती. काच खाली घेतली तेव्हा सोनियाच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"हे म्हणायचे," ती म्हणाली, "पायल पाच वर्षांची होईन तेव्हा. खांद्यावर घेऊन दाखवीन म्हणायचे."

दोघी सावलीला टाकीच्या बाजूला उभ्या राहिल्या. खाली गल्लीत कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. सोनियानं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आई, एक बोलायचं हाय. किती दिवसांपासून बोलीन बोलीन म्हणते."

मग तिनं सांगितलं. अश्विनच्या आईचा, भीमाबाईंचा, फोन आला होता. वाईट बोलल्या नाहीत, समजावून बोलल्या. त्यांच्या बहिणीच्या घरी असंच झालं होतं. मुलगी दोन घरांत वाढली, दोन आज्यांत, आणि मोठी झाल्यावर कुठल्याच घरात तिचं मन लागलं नाही. म्हणून त्यांचं म्हणणं होतं की लग्नाला जुन्या घरचं कुणी नको. पुढेही काही दिवस येणंजाणं नको, फोन नको. पायलला सवय होईपर्यंत.

"अश्विन काय म्हणते?" इंदूनं विचारलं.

"ते आईच्या शब्दाबाहेर नाहीत."

"अन् तू?"

 खाली स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

"मी थकली, आई," ती म्हणाली. "तुम्ही समोर दिसले की मले हेच आठवतात. बाबा बोलले की त्यांचाच आवाज येते. तिथं जाऊनबी असंच होत राहिलं तर मी नाही जगू शकत."

इंदूला वाटलं होतं की ती म्हणेल, मी भांडीन त्यांच्याशी. तसं ती म्हणाली नाही. इंदूनं कठड्यावरची चादर उचलली, तिच्यावरची काळी भुकटी झटकली, घडी पूर्ण केली आणि सुनेच्या हातात दिली.

"बरं," ती म्हणाली.

"बाबांले मी कसं सांगू? त्यांनी तर कुडता शिवला."

"तू नोको सांगू. ते माझ्यावर सोड."

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. पुढे पायल, मागे श्यामराव. एका हातात दुर्बीण, काखेत खोकं, लुंगीचा सोगा खोचलेला. पायलनं त्यांना ओढतच आणलं होतं. आबा, सूरज पे तिल है, चलो, नहीं तो चला जाएगा, एवढंच ती म्हणत होती, आणि तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नव्हतं. छतावर पाऊल टाकल्यावर ते जरा थांबले. गौतम गेल्यापासून ते वर आलेच नव्हते. मग खोकं खाली ठेवलं.

 दुर्बीण स्टँडला बसेना. इंदू पुढे झाली, तिनं स्टँडचा पाय धरला. सोनियानं खोकं तिरपं केलं, आतला कागद जुना होऊन पिवळा पडला होता, तिनं चादर उलटी करून तिचा पांढरा भाग त्यावर ताणला. श्यामराव गुडघ्यावर बसून भिंग इकडे तिकडे करत राहिले. आधी नुसता उजेडाचा डाग आला, मग तो गोल झाला, कडा नीट झाल्या, आणि त्या गोलात तो ठिपका आला, काचेतून दिसला त्याच्या कितीतरी मोठा, गोल गरगरीत, स्वच्छ.

"आला," श्यामराव म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. ते पायलला सांगू लागले. हा शुक्र, जो संध्याकाळी आपण चांदणी म्हणून पाहतो तोच. हा पृथ्वीएवढा आहे, यात आपलं रायपूर, नागपूर, भंडारा, समुद्र, सगळं मावेल. तो सूर्याला चिकटलेला नाही, मधे केवढी तरी जागा आहे, तो आपला आपल्या वाटेनं चाललाय आणि आपल्याला तेवढा मधे आलेला दिसतोय. पायल हिंदीत विचारत होती, ते मराठीत सांगत होते, आणि दोघांचं छान चाललं होतं. विशालही दात घासत वर आला आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून पाहत उभा राहिला. शेजारच्या छतावरून कुणी विचारलं, काका, दिख रहा है क्या, तर श्यामरावांनी मोठ्यानं सांगितलं, आ जाओ, अभी टाइम है. इंदूनं नवऱ्याकडे पाहिलं. दोन वर्षांनी हा माणूस पहिल्यांदा कुणाला घरी बोलवत होता.

तिथं बसूनच सगळ्यांनी पुऱ्या खाल्ल्या. ऊन वाढत गेलं. दहा वाजून गेल्यावर ठिपका बिंबाच्या काठाला लागला. काठ जरासा कुरतडल्यासारखा झाला, मग ती खाच लहान लहान होत गेली, आणि शेवटी गोल पुन्हा साफ झाला, जसं काही झालंच नव्हतं.

"गया?" पायलनं विचारलं.

"गेला. आता शंभरावर वर्षं नाही येत."

पायलला शंभर हा मोठा आकडा आहे एवढंच माहीत होतं. तिचा चेहरा पडला. श्यामरावांनी तिला जवळ घेतलं आणि समजूत घातली, की त्यात काय एवढं, रविवारी मी ही दुर्बीण घेऊनच नागपूरला येतो. लग्न झालं की संध्याकाळी विहाराच्या छतावर जाऊ. तिथं तुला शनी दाखवतो. अश्विनलाही दाखवू.

सोनियानं चादर गोळा केली आणि घाईघाईनं खाली गेली. इंदू तिथंच बसून राहिली. आत्ता नको, तिनं स्वतःशी ठरवलं. जेवणापर्यंत याला असाच राहू दे.

जेवायला सगळे एकत्र बसले. श्यामराव विशालला विचारत होते की रविवारी गोंदियाहून किती जण येणार, नागपूरला उतरायचं कुठं. इंदूनं वाढायचं थांबवलं. भांडं खाली ठेवलं.

"मी लग्नाले येत नाही," ती म्हणाली. "तुम्हीबी जायचं नाही."

श्यामरावांना आधी कळलंच नाही. "काहून?"

"माझ्या पोराच्या जागेवर दुसरा बसलेला मले पाहवत नाही."

"इंदू, सगळं ठरलं हाय. पोरीच्या बाजूनं उभं कोण राहीन?"

"विशाल हाय तिचा भाऊ. तुम्ही गेले तर मी या घरात राहणार नाही. सांगून ठेवते."

 विशालनं मान खाली घातली. श्यामरावांच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग राग आला, आणि मग रागही गेला. इतक्या वर्षांच्या संसारात इंदूनं त्यांना असं कधी धमकावलं नव्हतं, म्हणून ती हे खरंच करेल असं त्यांना वाटलं.

"तू अशी असशीन, असं मले वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

सोनियानं तोंड उघडलं. "बाबा, आईंचं नाही, ते..."

इंदूनं तिच्या ताटात भात वाढला, नको म्हणत असतानाही अजून वाढला, आणि तिच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "जेव. गाडीत भूक लागन."

सोनिया भात चिवडत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि श्यामरावांना वाटलं की ते सासूच्या बोलण्यानं आलं आहे.

स्टेशनवर ते गेले, पण वाटभर इंदूशी बोलले नाहीत. गाडी आली. बॅगा चढवल्या. पायल खिडकीशी बसली आणि गज धरून आबांना आठवण करून देत राहिली की दुर्बीण विसरू नका. विसरत नाही, ते म्हणाले. दुसरं काय बोलणार? सोनिया खाली उतरली, दोघांच्या पाया पडली आणि इंदूच्या पायावरून तिचा हात निघेना. इंदूनं तिला उठवलं, पाठीवर थोपटलं, चढ म्हणाली, सिग्नल झाला. गाडी हलली तेव्हा पायल दुसऱ्या खिडकीतल्या एका मुलाकडे पाहत होती. कुणीतरी तिचं तोंड इकडे वळवलं, तिनं हात हलवला, आणि डबा पुढे गेला.

रविवारी श्यामराव दिवसभर नवा कुडता घालून घरात बसून राहिले. संध्याकाळी तो काढून त्यांनी ट्रंकेत टाकला.

काही दिवस म्हणजे किती, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पहिल्या वर्षी सोनियाचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा अश्विन ऑफिसात असताना, हळू आवाजात. पायल शाळेत जाते, चांगली आहे. तिला फोन दे म्हणावं असं इंदूच्या ओठांवर यायचं आणि ती म्हणायची नाही. मग सोनियाला मुलगा झाल्याचं विशालकडून कळलं. मग फोन आले नाहीत. श्यामराव भांडणारे नव्हते, पण कधी गल्लीतल्या कुणाची नात सुटीत आली, अंगणात खेळली, की ते सहज बोलल्यासारखं बोलून जायचे. तुझ्या त्या हट्टानं पोरगी तुटली, इंदू. लग्नाला गेलो असतो तर संबंध राहिला असता. इंदू हो म्हणायची. हो, चुकलंच माझं, म्हणायची आणि तांदूळ निवडत राहायची. खरं सांगावं असं तिला अनेकदा वाटलं. पण ज्यांना बाप म्हणून उभं राहायचं होतं त्यांना त्या मुलीनंच येऊ नका म्हटलं, हे ऐकून ते कशाच्या आधारावर जगतील, हे तिला कळत नव्हतं. बायकोचा राग धरून तो माणूस निदान जेवत होता.

चौथ्या वर्षी दसऱ्याला गल्लीतल्या बायका दीक्षाभूमीला निघाल्या. श्यामरावांना दम लागायला लागला होता, गर्दीत त्यांना नेणं शक्य नव्हतं. इंदू बायकांबरोबर गेली. स्तूपाचं दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच विशालकडून घेतलेल्या पत्त्यावर गेली.

दार सोनियानंच उघडलं. ती अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं, कडेवर गुटगुटीत मुलगा. इंदूला पाहून तिला दारातच रडू फुटलं. भीमाबाई आतून आल्या, त्यांनी इंदूला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं, थोड्या वेळानं स्वतःच चहा करून आणला. त्या वाईट बाई नव्हत्या. नातवाचं कौतुक सांगत राहिल्या आणि मध्येच गप्प होत राहिल्या. त्या आत गेल्या तसं सोनिया हळूच म्हणाली की मी येऊन बाबांना सगळं खरं सांगते, माझ्यानं आता हे ओझं सोसवत नाही. इंदूनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आता सांगून काय करतं?" ती म्हणाली. "माझ्यावर रागवायची त्यांले सवय झाली."

पायल बाहेरून खेळून आली. उंच झाली होती, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. बरोबर एक मैत्रीण होती. दारातच थांबून तिनं इंदूकडे पाहिलं. इंदूनं स्वतःला सावरलं. धावून जवळ घ्यायचं नाही, हे ती गाडीत बसल्यापासून स्वतःला सांगत आली होती. ती फक्त हसली. पायलही हसली, पाहुण्यांकडे पाहून हसतात तशी, आणि आईनं सांगितलं म्हणून वाकून पाया पडली. गौतमचे कान होते तिचे, थोडे बाहेर आलेले. इंदूनं डोक्यावर हात ठेवला आणि लवकर काढून घेतला.

मैत्रिणीनं कुजबुजत विचारलं, कौन हैं.

"मम्मी की पहचान की हैं," पायल म्हणाली, आणि दोघी पाणी पिऊन परत खेळायला पळाल्या.

सोनियानं ते ऐकलं. ती उठून पायलला हाक मारणार होती. इंदूनं मान हलवली.

परतीच्या गाडीत बायका भीमगीतं म्हणत होत्या. इंदू खिडकीशी बसली होती. गोंदिया गेलं, डोंगरगडचा डोंगर गेला, कुणी तिला केळं दिलं ते तिनं खाल्लं.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. श्यामराव अंगणात खुर्ची टाकून वाटच पाहत होते. सोनियाकडे जाऊन येईन असं ती सांगून गेली नव्हती, पण त्यांनी ते ओळखलं होतं. तिनं पायांवर पाणी घेतलं, त्यांच्याजवळ पायरीवर बसली. सोनिया सुखात आहे, तिनं सांगितलं. मुलगा गोरा आहे. भीमाबाईंनी स्वतःच्या हातानं चहा दिला. श्यामराव सगळं ऐकत होते आणि जे विचारायचं होतं त्यापाशी येत नव्हते. शेवटी आले.

"पोट्टीनं ओळखलं?"

"हो," इंदू म्हणाली. "दारातूनच. आजी म्हणून गळ्यातच पडली."

श्यामरावांनी मान डोलावली. चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"केवढी झाली?"

इंदू उभी राहिली. तिनं हात आपल्या खांद्याशी आडवा धरला, इतकी, म्हणाली. श्यामराव त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले, आणि त्यांचं पाहून होईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.